वनमालाच्या लाख दूर्वा

वनमाला टिपणीस शिंकायला लागली की आमच्या चाळीतली माणसं पायात घातलेल्या चपला काढून परत आत येऊन बसत. शिंक झाली की बाहेर पडायचं नाही, हा नियम. पण नियम करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एखाददुसरी शिंक असावी. वनमाला एकदा सुरू झाली की अकरा, बारा, कधी सतरा. एक शिंक वाईट आणि दोन चांगल्या असं आमच्याकडे मानतात, म्हणून लोक दारात उभे राहून मोजत. विषमावर थांबली की कपाळाला हात. पहिल्या खोलीतल्या गुणाजी तावड्यांना हपिसात उशीर झाला की ते साहेबाला बेधडक सांगत, "शेजारीण शिंकली." साहेब मद्रासकडचा होता. त्याला वाटे, मुलुंडला शेजारीण शिंकली की सुट्टी असते.

मी सांगते आहे ते पंचावन्न सालचं. तेव्हा मुलुंड म्हणजे स्टेशनच्या दोन्ही अंगांना थोड्या गल्ल्या, आणि त्यांच्यापलीकडे डोंगराच्या पायथ्यापर्यंत नुसतं गवत. वनमाला आणि मी एकाच चाळीत राहत होतो आणि एकाच शाळेत शिकवत होतो. ती पहिलीवर, मी दुसरीवर. मधे फळ्यांची भिंत. त्यामुळे तिने 'क' शिकवला की माझ्या वर्गातली पोरंही 'कमळ' म्हणून ओरडत.

बाई मोठी हुशार. चाळीस पोरं, पहिल्या दिवशी सगळी रडणारी. पण महिन्याभरात चिंचोक्यांनी पाटीवर अक्षरं मांडायला लागत. आवाज न चढवता वर्ग गप्प करायची तिची हातोटी मला उभ्या जन्मात जमली नाही. घरी नवरा होता, श्यामकांत. त्यांना जगातल्या सगळ्या विषयांची माहिती होती, त्यामुळे कुठल्याही एका नोकरीत त्यांचं मन रमत नसे. तेव्हा घर उभं होतं ते वनमालाच्या नोकरीवर. आणि ती नोकरी सात वर्षं झाली तरी हंगामी होती.

आता शिंकांचं. गौरी-गणपती आले की तिला सुरू व्हायच्या त्या दिवाळीपर्यंत. डोळे लाल, टाळूला खाज, नाकातून नळासारखं पाणी, सकाळी सगळ्यांत जास्त. जोर झाला की छातीत शिट्टी वाजायची. ताप मात्र कधी नाही. आणि उरलेले दहा महिने या बाईला साधं पडसं नाही! हे दरवर्षी असंच घडत होतं आणि आम्ही सगळे शिकलेसवरलेले लोक दरवर्षी म्हणत होतो, "यंदा तुला सर्दीने फारच धरलंय गं."

आदल्या वर्षी, म्हणजे चोपन्नच्या आश्विनात, शाळा तपासायला साहेब आले. त्यांना आम्ही दिपोटी म्हणायचो. वनमालाने फळ्यावर कमळ काढलं, पोरांकडे वळली आणि चौदा शिंका दिल्या. दिपोटींनी आपली खुर्ची उचलून दारापाशी नेली. मग शेऱ्याच्या वहीत लिहिलं: 'शिक्षिकेची प्रकृती संशयास्पद. पुढील तपासणीत सुधारणा न आढळल्यास हंगामी नेमणूक चालू ठेवू नये.'

संशयास्पद हा शब्द वहीत राहिला असता तर गोष्ट वेगळी. तो चाळीत आला. चाळीने त्याचा अर्थ लावला क्षय. नळावर वनमालाची बादली शेवटी लागू लागली. तिच्या हातचा प्रसाद बायका घेत, नमस्कार करत आणि कोपऱ्यावरच्या गाईला घालत. तिने जाऊन छातीचा फोटो काढून आणला. फुप्फुसं स्वच्छ. तो फोटो तिने दारोदार दाखवला, तर तावड्यांची सुगंधा म्हणाली, "फोटोत कधी कधी दिसत नाही हो. आमच्या मावशीचा फोटो झकास होता, आणि मावशी गेली."

उपाय सगळे करून झाले. श्यामकांतांनी तिला सकाळी अनवाणी गवतावर चालवलं. दवात चाललं की नाक मोकळं होतं, असं त्यांनी कुठेसं वाचलं होतं. ती परत आली तेव्हा डोळे सुजून मिटले होते. "आजार बाहेर पडतोय," श्यामकांत म्हणाले. बाजारपेठेतल्या डॉक्टरांनी अंग गरम करणारं इंजेक्शन दिलं. अंग गरम झालं, शिंका तेवढ्याच.

मग पंचावन्नच्या ऋषिपंचमीला वनमाला माझ्याकडे आली. नाक लाल, पण चेहरा अगदी शांत.

"प्रेमा, मी गणपतीला लाख दूर्वा बोलले."

"कशासाठी?"

"या शिंका जाव्यात म्हणून. तपासणी दसऱ्यानंतर आहे. दिवाळीच्या आत लाख पुऱ्या करीन."

माझा देवावर विश्वास आहे. सकाळी पाच मिनिटं त्याच्यासमोर बसल्याखेरीज मी चूल पेटवत नाही. मी म्हटलं, "कर हो, तोच पार नेईल." यात माझीही चूक आहे, ती मी लपवत नाही.

आमच्या गल्लीतल्या मार्तंडशास्त्र्यांनी नियम घालून दिले. दूर्वा कोवळ्या हव्यात, तुरा आलेली एकही चालायची नाही. शंभर-शंभरचे शेकडे करून वाहायच्या. आणि मोजताना शिंक आली की तो शेकडा बाद.

"पूर्ण शेकडा, शास्त्रीबुवा?" वनमालाने विचारलं.

"अर्धा शेकडा शास्त्रात नाही."

दूर्वा आणायची शेवंती. ती डोंगराच्या बाजूला गवत कापायची आणि तबेल्यांना भारे घालायची. ती रोज टोपलीभर हरळी आणून ओतायची, कारण दूर्वा म्हणजे हरळीचेच कोवळे शेंडे. भाद्रपदातली हरळी, तिला तुरे आलेलेच. शाळेतून आल्यावर वनमाला खोलीत चटईवर बसे आणि तुरे खुडून एका बाजूला टाकी, कोवळे शेंडे दुसऱ्या बाजूला. मग मोजणी. सत्तर, एकाहत्तर, बाहत्तर... आणि धडाधड नऊ शिंका. शेकडा बाद. पुन्हा एक, दोन, तीन. बाद दूर्वा देवाच्या नावाने तोडलेल्या, त्या केरात कशा टाकायच्या? म्हणून त्याही कोपऱ्यात रचून ठेवलेल्या, तिच्या उशापासून दोन हातांवर. पंधरा दिवसांत तिने तीस हजारांवर दूर्वा मोजल्या आणि देवाला पोचल्या फक्त साडेचार हजार. शिंका कमी होईनात, उलट छातीतली शिट्टी आता माझ्या खोलीत ऐकू यायला लागली.

"कसोटी बघतोय तो," ती म्हणायची.

"अगं, पण तुझी बघतोय की चाळीची?" मी म्हणायची.

एक दिवस मी तिच्याकडे बसले होते आणि शेवंती टोपली घेऊन आली. वनमाला तुरे खुडत होती. तिच्या निळ्या लुगड्यावर मांडीभर पिवळसर भुकटी पडली होती. शेवंती उभी राहून बघत राहिली.

"बाय, एक सांगू? रागवू नका."

"सांग की."

"तुमाला हा तुरा बाधतोय. माझ्या दिराचा असाच होता. हरलीला तुरा आला का त्याचं नाक गलतं नि डोलं सुजतात. तवा आमी त्याला कापणीवर नेतच नाय. तो म्हशी धुतो."

वनमाला हसली. "अगं, देवाची दूर्वा ती. ती कशी बाधेल?"

"देवाला नाय बाधत. तुमाला बाधते."

गवत न कापलेल्या सगळ्या माणसांत मिळून जेवढी अक्कल नव्हती तेवढी ती बाई दारात उभी राहून बोलून गेली. वर तिचं रोजचं गिऱ्हाईक तुटणार होतं, तरी बोलली. मी काही वनमालासारखी सोशीक नाही. दुसऱ्याच दिवशी तिला स्टेशनपलीकडे नव्याने दवाखाना घातलेल्या डॉक्टर शरच्चंद्र राजे यांच्याकडे घेऊन गेले. डॉक्टर कोवळे होते, भिंतीवरचं सर्टिफिकेट अजून वाळायचं होतं. पण ऐकून घेत होते.

"ताप येतो? वजन उतरलंय? ... नाही? खाज येते का, डोळ्यांना, टाळूला?"

"येते."

"दर वर्षी याच महिन्यात?"

"हो. आठ वर्षं."

"मग ही सर्दी नव्हे आणि क्षय तर नव्हेच. सर्दी काय पंचांग बघून येते? गवत फुलावर आलं की त्याचे पराग हवेत उडतात. पुष्कळांना काही होत नाही. तुमचं शरीर त्यांना शत्रू समजतं. याला अ‍ॅलर्जी म्हणतात. दुसऱ्या कोणाला तुमच्यापासून लागत नाही." मग म्हणाले, "खात्री करायची तर दोन दिवस गवतापासून लांब जा. समुद्राकाठी कोणी आहे?"

वनमालाची आतेबहीण खारदांड्याला होती, कोळीवाड्याला लागून. शनिवारी शाळा सुटल्यावर ती गेली. सोमवारी सकाळी शाळेत मी विचारलं, "काय गं, फरक?"

"शनिवारी काही फरक नाही बाई. समुद्र असूनसुद्धा शिंकतच होते. रविवारी मात्र एकही नाही." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "पण वाट लागली गं. नेम मोडला."

"कसला नेम?"

"मी दूर्वांची पिशवी नेली होती ना बरोबर. दोन दिवसांचा खाडा कसा करायचा? शनिवारी बसून निवडल्या, मोजल्या. रात्री बहिणीने पिशवी पडवीत ठेवली आणि सकाळी शेजारणीच्या बोकडाने सगळ्या खाल्ल्या. अकराशे दूर्वा! वर पिशवीचा बंदही."

मी तिच्याकडे बघतच राहिले. "वनमाला, बोकडाने खाल्ल्यावर तू शिंकलीस?"

"नाही म्हटलं ना."

"आणि खायच्या आधी?"

पहिलीच्या पोराला चिंचोके पुढे मांडून दोन आणि दोन किती विचारावं, आणि त्याला उत्तर येत असून ते तोंडातून फुटू नये, तसा तिचा चेहरा झाला होता. "म्हणजे," ती हळूच म्हणाली, "मी दुखणं जावं म्हणून दुखणंच मोजत बसले होते."

डॉक्टरांनी मग तिला नीट समजावलं. औषधाने हे मुळासकट जात नाही, सांभाळायचं असतं. सकाळी ऊन तापून वारा सुटला की पराग जास्त, तेव्हा गवताच्या बाजूच्या खिडक्या लावून घ्यायच्या. बाहेरून आलं की हातपाय, तोंड धुवायचं, डोळ्यांवर गार पाणी मारायचं, लुगडं बदलायचं. अंथरूण, कपडे गवताकडच्या दोरीवर वाळत घालायचे नाहीत. गवताजवळून जायचंच झालं तर नाकावर ओला रुमाल. रात्री एक गोळी, पण ती घेऊन सकाळी झोप येते का बघा, आली तर मला सांगा. आणि छातीत शिट्टी वाढली, बोलताना दम लागला, तर घरगुती काही करत न बसता सरळ इकडे यायचं. शेवटी म्हणाले, "आणि तो कोपऱ्यातला ढीग आजच्या आज हलवा."

ढीग शेवंतीच नेणार होती. पण वनमाला अडून बसली. "बोललेलं मोडायचं नाही मी. नोकरी गेली तरी चालेल."

"चालेल?" मी म्हटलं. "श्यामकांतराव मिळवून आणणार आहेत का?"

तरी ती ढिगाला हात लावू देईना. तेव्हा मी तिला मार्तंडशास्त्र्यांकडे नेलं. शास्त्रीबुवा ठाम होते. बोललेली वस्तूच वाहिली पाहिजे, बदल नाही.

मी विचारलं, "शास्त्रीबुवा, पूजेत देवाला वस्त्र घालायची वेळ आली आणि घरात वस्त्र नसलं, तर आपण काय करतो?"

"वस्त्रार्थे अक्षता वाहतो."

"अलंकार नसले तर?"

"अलंकारार्थे अक्षता."

"म्हणजे देव वस्त्रांवाचून चालवून घेतो, दागिन्यांवाचून चालवून घेतो, आणि हरळीवाचूनच तेवढा अडून बसतो?"

शास्त्रीबुवांनी पोथी काढली, चाळली, मिटली. मग म्हणाले की दूर्वार्थे अक्षता वाहायला तशी बाधा दिसत नाही, मात्र तांदूळ अखंड हवेत. तांदूळ अखंड मी निवडून देईन, म्हटलं. त्या संध्याकाळी शेवंतीने ढीग उचलला, मी ओल्या फडक्याने खोली पुसून काढली आणि वनमाला तांदळाची परात घेऊन बसली. पहिले तीन शेकडे एका दमात, एकही शिंक नाही. ती देवाकडे बघून मोठ्याने हसली. मीही हात जोडले. माणसं ऐकत नाहीत तेव्हा तो बोकड धाडतो, असं मला मनापासून वाटतं.

आठ दिवसांत डोळे निवळले. शिंका अजिबात गेल्या असं नाही, सकाळच्या चार-पाच असायच्याच. गोळीने वर्गात पेंगायला होत होतं. डॉक्टरांनी ती अर्धी केली. श्यामकांतांना अ‍ॅलर्जी हा शब्द फार आवडला. आपल्या बायकोला नवीन, इंग्रजी दुखणं आहे, हे ते बिल्ला मिळाल्यासारखं स्टेशनपर्यंत सांगून आले. त्याने क्षयाची कुजबूज निम्मी मावळली, तेव्हा तेही उपयोगी पडले म्हणायचं.

आणि तपासणी आली, बुधवारी. सोमवारी हेडमास्तरांनी सूचना फिरवली: मैदानातलं गवत बुधवारी सकाळी कापलं जाईल.

वनमालाचा वर्ग मैदानाकडे. ती तशीच त्यांच्याकडे गेली, मी मागोमाग.

"सर, कापायचं तर आज कापा. बुधवारी कापलं तर सगळा तुरा माझ्या वर्गात येईल. डॉक्टरांची चिठ्ठी देते."

"आज कापलं तर बुधवारपर्यंत पुन्हा वाढेल."

"दोन दिवसांत, सर? ते गवत आहे, आपली दाढी नाही," मी म्हटलं.

हेडमास्तरांनी हनुवटीवरून हात फिरवला. "बाई, साहेबांना काम झालेलं दिसलं पाहिजे. कापलेलं गवत मैदानात समोर रचून ठेवायचं. म्हणजे विचारायचं कामच नाही."

गवत कापायला शेवंतीच येणार होती. तिला हे सांगितल्यावर तिने कपाळावर हात मारला, मग म्हणाली, "बुधवारीच कापते. पण दव असताना, उजाडता उजाडता. ओला गवत उडत नाय." तिने शब्द पाळला. घंटा होण्याआधी मैदान साफ. पण ढीग न्यायला निघाली तर हेडमास्तरांनी अडवला आणि रचायला लावला तो नेमका पहिलीच्या खिडकीखाली. तिथून साहेबांना येताना आधी दिसेल म्हणून. अकरा वाजेपर्यंत ऊन चढलं, ढीग सुकायला लागला, वारा सुटला.

वनमालाने मैदानाकडच्या तिन्ही खिडक्या लावल्या, दारावर ओला पंचा बांधला, डोळे धुतले आणि शिकवायला उभी राहिली. फळ्यांच्या भिंतीपलीकडे मी दुसरीला गप्प बसवून कान लावून होते.

दिपोटी आले. पंचा बाजूला सारत म्हणाले, "खिडक्या का बंद? कोंडून ठेवलीत मुलं?"

वनमाला बोलायच्या आत पहिल्या रांगेतली नीला उभी राहिली. तिला विचारलेलं नसलं तरी उत्तर द्यायची खोड होती. "साहेब, बाहेर गवताचा तुरा आहे. तो बाईंच्या नाकात गेला की बाई शिंकतात. पण ते आम्हाला लागत नाही. पलीकडची खिडकी उघडी आहे, बघा."

आणि तेवढ्यात, पंचा सरकलेला, वनमालाला शिंक आली. मग दुसरी. तिसरी. मी फळीला कान आणखी चिकटवला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"साहेब," वनमालाचा आवाज आला, अगदी रोजचा, "गेल्या वर्षी आपण खुर्ची दारापाशी नेली होती. यंदा नेऊ नका. दाराकडूनच येतंय ते. इथे टेबलापाशी बसा. ही डॉक्टरांची चिठ्ठी आणि हा छातीचा फोटो. तो पंचा तेवढा नीट लावते, मग धडा पुढे नेते."

खुर्ची परत सरकली. कोणत्या बाजूला ते मला दिसेना. मग चाळीस आवाज उठले: "गणपतीचा ग!" माझ्याही वर्गातली पोरं ओरडली. पाऊण तास. मधे एकदा दोन शिंका, आणि नंतर काही नाही.

शेरा चार दिवसांनी आला. हेडमास्तरांनी शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवला: 'शिक्षिका कार्यक्षम. नेमणूक कायम करण्यास हरकत नाही. मात्र वर्गात हवा खेळती नसल्याचे आढळले. खिडक्या उघड्या ठेवण्याबाबत शिक्षिकेस समज द्यावी.' दुसरा शेरा मैदानाबद्दल होता: 'कापलेले गवत वेळीच उचललेले नाही.'

हेडमास्तरांनी कर्तव्य म्हणून तिला लेखी समज दिली. वनमालाने कागद दोनदा वाचला, 'समज मिळाली' असं लिहून सही केली. मग पिशवीतून दुसरा कागद काढून त्याला जोडला. तो तिचा अर्ज होता. पुढच्या वर्षापासून भाद्रपद-आश्विनात पहिलीचा वर्ग रस्त्याकडच्या खोलीत भरवावा, आणि मैदानातलं गवत तुरे यायच्या आधी, गोकुळाष्टमीच्या सुमारास कापून त्याच दिवशी उचलावं.

सात वर्षांत तिने अर्ज केला नव्हता. हंगामी बाईंचे अर्ज वाचत नाहीत. हा कायम झालेल्या शिक्षिकेचा होता. हेडमास्तरांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.